'स्वतः', 'आम्ही' आणि 'आपण' : मराठी आत्मकथनांतील स्वत्वाची घडण

१

'अस्मिता' हा शब्द आज ज्या अर्थाने वापरला जातो, तो अर्थ त्याला फार उशिरा प्राप्त झाला. पातंजल योगसूत्रांत अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश असे पाच क्लेश सांगितले आहेत. पाहणारा आणि पाहण्याचे साधन ही दोन्ही एकच आहेत असे वाटणे, म्हणजे तेथे अस्मिता. ती जोपासावयाची नसून क्षीण करावयाची असते. विसाव्या शतकात कन्हैयालाल मुनशी यांच्या लेखनातून गुजरातीत या शब्दाला प्रादेशिक स्वाभिमानाचा अर्थ लाभला, आणि मराठीतही 'मराठी अस्मिता' हा शब्दप्रयोग शतकाच्या उत्तरार्धात सर्वतोमुखी झाला. जो क्लेश होता, तोच आता गौरवाचा विषय झाला.

मराठीतील इतर शब्दांचा इतिहासही असाच बोलका आहे. 'मीपण' हा शब्द संतवाङ्मयात मुख्यतः ते गळून पडावे या अपेक्षेनेच येतो. 'ओळख' हा शब्द आज 'स्वत्व' या अर्थी वापरला जात असला, तरी व्यवहारात ओळख ही दुसऱ्याने पटवावयाची गोष्ट आहे. माणूस एकट्याने ती सिद्ध करू शकत नाही. 'स्वत्व' या शब्दाला मालकीचा वास आहे. यावरून एक गोष्ट दिसून येते. 'मी कोण?' हा प्रश्न सर्व समाजांत उपस्थित होत असला, तरी तो विचारण्यासाठी लागणारे शब्द प्रत्येक समाज आपल्या पद्धतीने पुरवितो, आणि शब्दांबरोबर उत्तराची दिशाही थोडीबहुत ठरवून देतो.

संस्कृती व्यक्तीचे स्वत्व घडविते, हे विधान आता सर्वमान्य आहे, किंबहुना ते इतके सर्वमान्य आहे की त्यातून नेमका बोध होणे कठीण झाले आहे. संस्कृती हे कार्य कोणत्या साधनांनी करते, आणि घडविली गेलेली व्यक्ती त्या साधनांचे पुढे काय करते, असे दोन प्रश्न विचारले तरच त्या विधानाला अर्थ येतो. प्रस्तुत लेखात काही मराठी आत्मकथनांच्या आधारे या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी आत्मकथनांत सांगितलेल्या घटनांपेक्षा त्यांतील सर्वनामे, नावे आणि अभिवादने यांकडे अधिक लक्ष दिले आहे. बदललेले मत माणूस प्रयत्नपूर्वक मांडू शकतो. परंतु सर्वनाम तो नकळत वापरतो, आणि म्हणून तेथील पुरावा अधिक विश्वसनीय ठरतो.

२

मराठीत उत्तमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. 'आम्ही' म्हणताना ज्याच्याशी आपण बोलत आहोत तो वगळला जातो. 'आपण' म्हणताना तो समाविष्ट होतो. 'आम्ही जेवायला जातो' आणि 'आपण जेवायला जाऊ' या दोन वाक्यांतील अंतर मराठी मुलास कोणी शिकवीत नाही. ते त्याला आपोआप कळते. हा भेद प्रमाण हिंदीत नाही. गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे', तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु', तमिळमध्ये 'नांगळ' आणि 'नाम' अशी रूपे आहेत. मराठी-गुजरातीतील हा भेद द्राविड भाषांच्या सान्निध्याने आला असावा, असे भाषाशास्त्रज्ञ सामान्यतः मानतात.

'आपण' या शब्दाची व्युत्पत्ती लक्षात घेतली म्हणजे या भेदाला आणखी एक अर्थ येतो. 'आपण' हा संस्कृत 'आत्मन्' शब्दाचा प्राकृतातून आलेला वंशज आहे. 'त्याने आपण जाऊन पाहिले' यात तो 'स्वतः' या अर्थी येतो, 'आपण बसावे' यात तो समोरच्याविषयीचा आदर व्यक्त करतो, आणि 'आपण जाऊ' यात बोलणारा व ऐकणारा यांना एकत्र आणतो. 'आत्म' आणि 'उभयतां आपण' यांच्यासाठी एकच शब्द असणे, ही केवळ व्याकरणातील योगायोगाची गोष्ट मानली तरी तिचे सामाजिक परिणाम मोठे आहेत.

हे परिणाम दैनंदिन बोलण्यात सहज आढळतात. एखाद्याविषयी 'तो आपल्यातलाच आहे' असे म्हटले जाते, तेव्हा बहुधा त्याची जात सांगितली जात असते. 'आमच्यात असे करीत नाहीत' किंवा 'तुमच्यात काय पद्धत आहे?' या वाक्यांतील 'आमच्यात' आणि 'तुमच्यात' यांचा अर्थ कोणत्याही मराठी माणसाला विचारावा लागत नाही. जातीचे नावही न घेता सर्वनामाने जातीची सीमारेषा आखली जाते. मूल 'मी' म्हणावयास शिकते त्याच सुमारास ते 'आमच्यात' म्हणावयासही शिकते. स्वत्वाचा पहिला पाठ असा व्याकरणातून मिळतो.

३

पुढे जाण्यापूर्वी एका पूर्वग्रहाचा परामर्श घेणे अवश्य आहे. झॉर्झ गुस्दोर्फ या फ्रेंच अभ्यासकाने १९५६ च्या एका प्रसिद्ध निबंधात आत्मचरित्र हे पाश्चात्त्य संस्कृतीचेच विशिष्ट अपत्य असल्याचे प्रतिपादन केले. ज्या समाजात व्यक्ती स्वतःला समूहापासून वेगळी मानीत नाही, तेथे आत्मचरित्र संभवत नाही, हा त्यामागील विचार होता. लुई द्युमाँ यांनीही भारतीय समाजात व्यक्ती म्हणून उभा राहतो तो संन्यासी, म्हणजे समाजाबाहेर पडलेला मनुष्य, अशी मांडणी केली. समाजात राहणारा मनुष्य हा नात्यांचा आणि श्रेणींचा घटक होय, असे त्यांचे म्हणणे होते.

या मतांत तथ्यांश नाही असे नाही. परंतु ऐतिहासिक पुरावा त्यांना सर्वस्वी अनुकूल नाही. बनारसीदास या जैन व्यापाऱ्याने १६४१ मध्ये 'अर्धकथानक' लिहिले. त्यात व्यापारातील नुकसान, तारुण्यातील चुका आणि संततीचे मृत्यू यांचे निवेदन आहे. तो संन्यासी नव्हता. त्याच शतकात मराठीत संत बहिणाबाईंनी आपले आत्मनिवेदन अभंगांत केले. ब्राह्मण कुळातील या स्त्रीने तुकोबांना गुरू मानले, त्यामुळे पतीचा रोष आणि मारहाण सोसली, आणि हे सर्व स्पष्टपणे सांगितले. विशेष असे की बहिणाबाईंनी या जन्माबरोबर आपल्या पूर्वीच्या बारा जन्मांचीही हकीकत सांगितली आहे. आधुनिक वाचकाला हा भाग आत्मचरित्राबाहेरचा वाटेल. परंतु तेरा जन्मांतून एकच 'मी' चालत आला आहे, हे मानण्यास व्यक्तित्वाची जाणीव क्षीण नसून अतिशय बळकट असावी लागते. पुनर्जन्माची कल्पना बहिणाबाईंना परंपरेने दिली. तिच्या आधारे पतीच्या सत्तेबाहेर पसरलेले आयुष्य त्यांना स्वतःचे म्हणून सांगता आले.

तेव्हा प्रश्न भारतीय परंपरेत 'मी' आहे की नाही, असा नाही. तो कोणत्या रूपात प्रकट होतो आणि कोणत्या रूपांना वाकवून आपली वाट काढतो, हा खरा प्रश्न आहे.

४

रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. शीर्षकातील 'आमच्या' हा शब्द प्रथमदर्शनीच लक्ष वेधतो. आयुष्य एकवचनी आहे, परंतु ते दोघांचे आहे. माहेरची यमुना कुर्लेकर १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास, महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह होऊन रमाबाई झाली. नाव बदलणे ही त्या काळी विवाहविधीचाच भाग होती. स्वत्वाचे जे पहिले चिन्ह, तेच सासरी नवे मिळत असे.

दुसरीकडे पतीचे नाव उच्चारावयाचे नाही, हाही संकेत होता. मराठी स्त्रियांनी त्यासाठी 'इकडून', 'इकडची स्वारी' असे प्रयोग सिद्ध केले होते, आणि नाव घ्यावयाचेच झाले तर ते उखाण्यात गुंफून घ्यावयाचे. रमाबाईंनी आपल्या पुस्तकात न्यायमूर्तींचा उल्लेख करण्यासाठी जो शब्द योजला आहे, तो 'स्वतः' हा होय. कॅथरीन गेट्स यांनी १९३८ मध्ये या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा त्याला 'हिमसेल्फ' असेच नाव दिले. मराठी घरांत हा प्रयोग परिचित असल्यामुळे त्यातील नवल मराठी वाचकाला जाणवत नसे. परकीय अनुवादिकेला ते जाणवले.

एका स्त्रीच्या आत्मकथनात 'स्वतः' हा शब्द तिच्या पतीचा वाचक असावा, याहून अधिक स्पष्ट पुरावा संस्कृतीच्या सामर्थ्याचा कोणता असू शकेल? आत्मवाचक सर्वनामच येथे दुसऱ्याच्या स्वाधीन झाले आहे. न्यायमूर्तींच्या निधनापाशी, म्हणजे १९०१ पाशी, हे कथन थांबते. रमाबाईंच्या पुढील सार्वजनिक कार्याला, पुणे सेवासदनच्या उभारणीला, त्यात स्थान नाही. जणू 'आमचे' आयुष्य संपले, आणि केवळ 'माझे' असे जे उरले ते सांगण्यासारखे नाही.

मात्र या निष्कर्षावर थांबणे अन्यायाचे होईल. याच पुस्तकात, पतीच्या इच्छेने शिकू लागलेली सून आणि तिच्या शिक्षणाला विरोध करणाऱ्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया यांच्यातील ताण रमाबाईंनी सूक्ष्मपणे रंगविला आहे. एका बाजूला पतीची आज्ञा, दुसऱ्या बाजूला सासरच्या स्त्रियांचा अबोला आणि टोमणे. दोन्हीकडून परंपरेचीच आज्ञा होती, कारण पतीचे ऐकावे हाही धर्म आणि वडीलधाऱ्यांचे ऐकावे हाही धर्म. या दोन धर्मांच्या कचाट्यात सापडलेल्या तरुण स्त्रीला निवड करावी लागली, आणि निवडीबरोबर मनात कोठेतरी 'मी' जागा झाला. सर्वनामाने तो झाकला असला, तरी प्रसंगांनी तो उघड केला आहे. १९१० च्या रमाबाईंनी या प्रसंगांची निवड केली, ते त्यांच्या स्वत्वाचेच कार्य होय.

५

'स्मृतिचित्रे' चार भागांत १९३४ पासून पुढील काही वर्षांत प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाई टिळकांच्या या पुस्तकाची वाङ्मयीन थोरवी सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की लक्ष्मीबाई आपल्या पतीचा उल्लेख 'टिळक' असा करतात. रमाबाईंच्या 'स्वतः' पासून लक्ष्मीबाईंच्या 'टिळक' पर्यंतचे अंतर वर्षांत मोजले तर पंचवीस वर्षांचे आहे. स्वत्वाच्या दृष्टीने ते फार मोठे आहे. 'टिळक' म्हणताच पती हा कथनातील एक पात्र होतो. त्याच्यावर प्रेम करता येते, रागावता येते, त्याच्या भाबडेपणावर हसता येते.

हे अंतर कसे पडले? नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाईंना तिचा फार मोठा आघात झाला. पतीच्या धर्मांतराबरोबर 'आमच्यात' हा शब्दच दुभंगला. ज्या घरात त्या वाढल्या होत्या तेथे वडिलांचे सोवळे टोकाला गेलेले होते. त्या सोवळ्याच्या कथा त्यांनी पुस्तकाच्या आरंभीच विनोदाने, पण त्यातील क्रौर्य न लपविता, सांगितल्या आहेत. आता पती एका समाजात आणि आपण दुसऱ्या समाजात, अशी स्थिती झाली. काही वर्षे उभयतां वेगळी राहिली. पुढे त्या पतीजवळ आल्या, तरीही खाण्यापिण्यातील विटाळ त्यांनी लगेच सोडला नाही. सोडला तो स्वतःच्या विचाराने, दीक्षा घेण्याच्या अगोदर. जातिभेद देवाने निर्माण केला की माणसाने, याचा त्यांनी मनाशी निवाडा केला आणि तो निवाडा आचरणात आणला. १९०० मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

येथे अनुक्रम महत्त्वाचा आहे. परंपरेप्रमाणे पत्नीने पतीच्या मागोमाग जावे. त्याप्रमाणे धर्मांतरही १८९५ मध्येच व्हावयास हवे होते. परंपरेच्याच दुसऱ्या आज्ञेप्रमाणे स्वधर्म सोडणाऱ्या पतीपासून दूर राहावे. तसे असते तर त्या कधीच परत आल्या नसत्या. लक्ष्मीबाईंनी दोन्ही आज्ञा तत्काळ पाळल्या नाहीत. त्यांनी वेळ घेतला. या मधल्या काळात, कोणत्याच समूहात पुरते न बसणाऱ्या अवस्थेत, 'मी' या शब्दाला त्यांच्या कथनात अर्थ आला. पुढे १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. रमाबाईंचे कथन जेथे थांबते, त्याच्या पलीकडे लक्ष्मीबाईंचे आयुष्य आणि लेखन दोन्ही चालू राहिली.

पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' १९२८ ची, आणि आनंदीबाई कर्वे यांचे 'माझे पुराण' १९४४ चे. शीर्षकांतील 'आमच्या' जाऊन 'माझी', 'माझे' आले. एवढ्यावरून 'आम्ही' पासून 'मी' कडे झालेली प्रगती, असे एक सोपे सूत्र मांडण्याचा मोह होतो. पुढील साहित्याने हे सूत्र टिकू दिले नाही.

६

दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले. या आत्मकथनाची रचनाच दोन नावांवर उभी आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ती ऐकतो. दोघे एकाच देहातील आहेत. शिक्षित, नोकरदार, कवी म्हणून ओळखला जाणारा दया हा दगडूला टाळू पाहतो, आणि दगडू त्याचा पिच्छा सोडीत नाही.

दगडू, धोंडू, कचरू अशी नावे मराठी समाजात अनेक जातींत आढळतात. आधीची मुले दगावली असतील तर नव्या मुलाला दृष्ट लागू नये, मृत्यूने त्याच्याकडे दुर्लक्ष करावे, म्हणून असे नाव ठेवीत. अशा नावात आईबापांची माया असते. परंतु मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचे नाव जुगुप्सा उत्पन्न करणारे असावे, असे विधान आहे. मायेने ठेवलेले नाव आणि अवहेलनेसाठी नेमलेले नाव यांचे रूप एकच झाल्यामुळे, शाळेच्या हजेरीत ते पुकारले जाताच मुलाला त्यातील मायेपेक्षा अवहेलनाच अधिक ऐकू येते. एकाच संस्कृतीने एका नावाला दिलेले हे दोन अर्थ एका व्यक्तीत दोन माणसे निर्माण करतात.

कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट' (१९८१) या पुस्तकातील संस्कृतविषयक लेखात हाच प्रश्न अधिक तीव्र रूपात येतो. जन्माने महार असलेली मुलगी नागपुरात संस्कृत घेऊन एम. ए. होते. तिचे कौतुकही होते, परंतु त्या कौतुकात नवल आणि असूया मिसळलेली असते. नोकरी मात्र मिळत नाही. पुढे आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलते, आणि नोकरी मिळते. लेखिकेचा निष्कर्ष असा की ही नोकरी विवाहापूर्वीच्या सोमकुवर आडनावाच्या कुमुदला मिळाली नसून पावडे या आडनावाला मिळाली. रमाबाईंच्या बाबतीत विवाहाने नाव बदलले तेव्हा माहेरची मुलगी लोपली. येथे विवाहाने आडनाव बदलले तेव्हा जात लपली, आणि लपलेल्या जातीने जे मिळवून दिले ते स्वतःचे मानावे की नाही, हा प्रश्न लेखिकेच्या वाट्यास आला. ज्ञान तिचे स्वतःचे, मान्यता मात्र दुसऱ्या नावाची.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' (१९८४) मध्ये पित्याच्या नावाचाच प्रश्न उभा राहतो. स्वतःचे नाव, मग पित्याचे किंवा पतीचे नाव, मग आडनाव, या मराठी नामरचनेत ज्याला पित्याचे नाव देण्यास समाज नाकारतो, त्याला मधली जागा रिकामी दिसते. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचे नाव लिहिणे आवश्यक केले. नामरचना ही निसर्गाने दिलेली नसून समाजाने ठरविलेली असते, आणि म्हणून ती बदलताही येते, हे त्या निर्णयाने मान्य झाले. मात्र दलित आत्मकथनांनी हा प्रश्न त्याच्या चार दशके आधी विचारला होता.

७

१९८६ या एकाच वर्षी दोन दलित स्त्रियांची आत्मकथने पुस्तकरूपाने आली. शांताबाई कांबळे यांच्या पुस्तकाचे नाव 'माज्या जल्माची चित्तरकथा', आणि बेबी कांबळे यांच्या पुस्तकाचे 'जिणं आमुचं'. पहिल्यात 'माज्या', दुसऱ्यात 'आमुचं'. दलित जाणीव म्हणजे सामूहिक जाणीव, असे सरसकट विधान करणाऱ्यांनी या दोन शीर्षकांचा एकत्र विचार करावा. 'आम्ही' हे जातीने आपोआप दिलेले सर्वनाम नाही. बेबी कांबळे यांनी ते निवडले आहे.

कशासाठी निवडले? पुस्तकाच्या पूर्वार्धात लेखिकेचे वैयक्तिक आयुष्य फारसे येत नाही. येते ते वीरगावचा महारवाडा, तेथील आषाढ महिना, देवदेव, पोतराज, उपासमार, बाळंतपणे आणि सुनांचे हाल. पती जवळजवळ अनुपस्थित आहे. आयुष्यात मात्र तो अनुपस्थित नव्हता. हे लेखन आपण घरच्यांपासून अनेक वर्षे लपवून ठेवले होते, असे लेखिकेने पुढे मुलाखतीत सांगितले. म्हणजे 'आम्ही' म्हणणाऱ्या या लेखिकेला आपल्याच घरात लेखणी धरण्यासाठी एकान्त शोधावा लागला. समूहाचे सर्वनाम आणि एकटीचे लेखन, असा हा विलक्षण संयोग आहे.

आणि हा 'आम्ही' भाबडा नाही. महार स्त्रीने लुगड्याचे काठ निऱ्यांत दिसू देऊ नयेत, हे गावाचे बंधन लेखिका सांगते. त्याच स्पष्टपणे महारवाड्यातील सासूने सुनेवर केलेला जुलूमही सांगते. ज्याला स्वतः गुलाम केले आहे, तो गुलाम करण्यासाठी आणखी कोणाला तरी शोधतो, हे तिचे निरीक्षण आपल्याच समाजाविषयी आहे. शिकून पुढे गेलेल्या आणि मागच्यांना विसरलेल्या पिढीलाही ती सोडीत नाही. समूहात विरघळलेल्या व्यक्तीला समूहाचा असा हिशेब मांडता येत नाही. 'आम्ही' असे म्हणून ती समूहाची जबाबदारी स्वीकारते, आणि जबाबदारी स्वीकारण्यासाठी प्रथम 'मी' असावा लागतो.

या परिवर्तनाचे सर्वांत ठळक चिन्ह अभिवादनात दिसते. महाराने वरिष्ठ जातीच्या माणसाला 'जोहार' म्हणावयाचे, हा रिवाज इतका रुजलेला होता की संतवाङ्मयात 'जोहार' हा एक रचनाप्रकारच झाला. या अभिवादनात बोलणारा खाली आणि ऐकणारा वर, हे ठरलेले असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने, आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील धर्मांतराने, त्या जागी 'जय भीम' आले. हे अभिवादन दोघेही एकाच पातळीवरून, एकाच शब्दाने करतात आणि स्वीकारतात. दिवसातून अनेक वेळा उच्चारला जाणारा एक शब्द बदलला, म्हणजे देहाची ठेवण आणि नजरेची उंचीही बदलते. जे अभिवादन वाकविण्यासाठी होते, त्याच्या जागी ताठ उभे करणारे अभिवादन आले.

वाचकाच्या दृष्टीने 'आमुचं' या रूपाचा आणखी एक परिणाम आहे. मराठीत हे सर्वनाम श्रोत्याला वगळते. सवर्ण वाचक हे शीर्षक वाचतो तेव्हाच त्याला कळते की या 'आम्ही'त आपण नाही. ज्या समाजाने 'आपल्यातला' हा शब्द वापरून पिढ्यान् पिढ्या काहींना वगळले, त्याच्याच व्याकरणाचा वापर करून येथे त्याला वगळले आहे. हा सूड नव्हे; 'आपण' म्हणण्याची वेळ अद्याप आलेली नाही, याची ही नोंद आहे.

८

भारतीय भाषांच्या अभ्यासकाला येथून एक व्यावहारिक प्रश्न उपस्थित होतो. 'जिणं आमुचं' हिंदीत 'जीवन हमारा' झाले. हिंदीतील 'हमारा' श्रोत्याला वगळतो की सामावून घेतो, हे त्या शब्दावरून कळत नाही. काही प्रदेशांत तर 'हम' एकवचनी अर्थानेही वापरतात. माया पंडित यांच्या २००८ मधील इंग्रजी अनुवादाला 'द प्रिझन्स वुई ब्रोक' असे नाव आहे. त्यात जगण्याऐवजी तुरुंग फोडण्यावर भर आला, आणि श्रोत्याला वगळणारा भाव त्याही भाषेत व्याकरणाने व्यक्त होऊ शकत नाही. हा अनुवादकांचा दोष नव्हे. त्या त्या भाषेची ती मर्यादा आहे. उलट तेलुगूत 'मा' की 'मन', तमिळमध्ये 'एंगळ' की 'नम', गुजरातीत 'अमारुं' की 'आपणुं', अशी निवड अनुवादकाला करावीच लागेल, आणि ती करताना पुस्तकाचा अर्थ ठरवावा लागेल. ज्या भाषांत हा भेद आहे त्यांच्यात परस्पर अनुवाद करताना इंग्रजीचा किंवा हिंदीचा मध्यस्थ घेतला, तर मूळ कृतीचा कणाच निसटण्याचा संभव आहे.

आता आरंभीच्या दोन प्रश्नांकडे वळू. संस्कृती स्वत्व घडविते ते मुख्यतः बोलण्याच्या रूपांनी : कोणाला कोणत्या नावाने हाक मारावी, कोणाचे नाव घेऊ नये, कोणाला 'आपल्यातला' म्हणावे, कोणापुढे कोणता शब्द उच्चारून वाकावे. ही रूपे मूल प्रथम शिकते आणि त्यांच्याद्वारे स्वतःला शिकते. परंतु ही रूपे वापरताना त्यांत बदल होत राहतो. रमाबाईंनी 'स्वतः' हा शब्द पतीला दिला, तरी आपल्या मनातील द्वंद्व वाचकाला दिले. लक्ष्मीबाईंनी पतीला नाव दिले आणि आपल्या निर्णयाला वेळ दिला. दया पवारांनी आपली दोन्ही नावे समोरासमोर बसविली. कुमुद पावडे यांनी नव्या आडनावाने मिळवून दिलेल्या मान्यतेची किंमत उघड केली. बेबी कांबळे यांनी 'आम्ही' हा शब्द स्वीकारला आणि त्यात कोण, कशासाठी, हे नव्याने ठरविले.

यावरून असे दिसते की मराठी आत्मकथनांत 'मी' हा 'आम्ही' सोडून निर्माण झालेला नाही. 'आम्ही'ची सीमा कोठे असावी, याचा निर्णय करता करता तो निर्माण झाला आहे. म्हणून सामूहिक सर्वनामात लिहिलेली आत्मकथने ही अपुरी आत्मचरित्रे आहेत, केवळ समाजशास्त्रीय दस्तऐवज आहेत, हे मत ग्राह्य धरता येत नाही. तसेच व्यक्ती विरुद्ध समूह अशी जी विभागणी बाहेरून आपल्या वाङ्मयाला लावली जाते, तीही येथे पुरी पडत नाही.

मराठीने 'आत्मन्' पासून आलेला शब्द श्रोत्याला सामावून घेणाऱ्या अनेकवचनासाठी वापरला आहे. भाषेत ही शक्यता फार पूर्वीपासून आहे. समाजात तो 'आपण' कोणाकोणाला समाविष्ट करतो, हे अद्याप ठरावयाचे आहे, आणि वर उल्लेखिलेली पुस्तके त्या विचारविनिमयात दिलेल्या साक्षी आहेत.